सात नंबरचा पाय

मापकाका दुकानाच्या दाराशी उंच स्टुलावर बसायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा मनातल्या मनात अपमान करायचे. पुष्कळदा तो मनातल्या मनात राहायचा नाही.

“ती बघ, बदकीण चालली,” ते सुनेला सांगायचे. “सहाचा पाय पाचात कोंबलाय. आता घरी जाऊन नवऱ्यावर खेकसणार, आणि त्या बिचाऱ्याला वाटणार आपलंच काहीतरी चुकलं.”

सून काउंटरमागे खोकी रचत असायची. “बाबा, हळू बोला. रस्त्यावर ऐकू जातं.”

“जाऊ दे की. फुकटचा सल्ला आहे.”

चपला-बुटांचं हे दुकान त्यांनी स्वतः उभं केलेलं. आता ते मुलगा आणि सून चालवत. मुलगा माल आणायला सदा बाहेरगावी, त्यामुळे खरं म्हणजे सूनच चालवायची. मापकाकांनी हे अजून मान्य केलं नव्हतं. त्यांच्या मते दुकान त्यांच्या नजरेवर चालत होतं. गिऱ्हाइकाने उंबरठा ओलांडायच्या आत त्याचा नंबर त्यांच्या तोंडात तयार असे, आणि तो सहसा चुकत नसे. म्हणून तर सगळा बाजार त्यांना मापकाका म्हणायचा. पाय मोजायची लोखंडी पट्टी भिंतीला टांगलेली होती. तिला ते आंधळ्याची काठी म्हणत आणि सुनेने ती काढली की तोंड फिरवून बसत.

नवं गिऱ्हाईक आलं की त्यांचा एक ठरलेला कार्यक्रम असे. आधी ते त्याच्या पायातल्या जुन्या बुटाच्या टोकावर अंगठा दाबून बघत. आतलं बोट आणि बुटाचं टोक यांच्यामध्ये अंगठ्याएवढी मोकळी जागा हवी. ती नसली की वर बघून विचारत, “हे कोणत्या गाढवाने दिले तुम्हाला?” गिऱ्हाईक ओशाळं व्हायचं, आणि ओशाळलेलं गिऱ्हाईक चांगले बूट घेतं, हा त्यांचा अनुभव.

ते स्वतः सात नंबरचे काळे, टोकदार, आरशासारखे घासलेले बूट घालत. पूर्वी त्यांना आठ लागायचे. मग आठ पायात हलल्यासारखे वाटू लागले, म्हणून साडेसात घेतले. पुढे तेही ढिले वाटले, म्हणून सात. यातून त्यांनी एक सिद्धान्तच काढला होता. म्हातारपणी माणूस आटतो, तसा त्याचा पायही आटतो. रुंद, मऊ बूट घालून फरफटत चालणाऱ्या आपल्या वयाच्या लोकांची त्यांना जराही दया येत नसे. “हे चालत नाहीत,” ते म्हणायचे, “होडी वल्हवतात.”

साखरेचा आजार त्यांना जुना होता. गोळ्या ते स्वतः घेत आणि पथ्य दुसऱ्यांना सांगत.

आणि मग रस्त्याच्या पलीकडे, जिथे आधी छापखाना होता, तिथे पायांचा दवाखाना उघडला.

पाटीवर एका पावलाचं मोठं चित्र होतं. मापकाकांनी स्टुलावरूनच निकाल दिला, “करंगळी बघा, अंगठ्याएवढी काढलीय. ज्यांना पाय काढता येत नाही ते पाय बरा करणार!” काचेमागे बूट मांडलेले होते, रुंद, फुगीर, पट्ट्यांचे. उशीला बंद लावावेत तसे. आत काय चालतं याची त्यांनी घड्याळवाल्याकडून, म्हणजे शेजारच्या दुकानदाराकडून, माहिती काढली. नखं कापतात, भोवऱ्या, कुरुपं तासतात, तळव्याचे ठसे घेतात.

“नखं कापायला डॉक्टर!” मापकाका म्हणाले. “उद्या केस विंचरायला सर्जन येईल.”

दवाखान्याची डॉक्टरीण वयाने त्यांच्या मुलीसारखी, आखूड केसांची, पायात स्वतः तसलेच उशीचे बूट घालणारी. सकाळी कुलूप काढताना ती समोर बघून हात हलवायची. मापकाका पेपर उचलून तोंडासमोर धरायचे. एखादं गिऱ्हाईक टाच दुखते म्हणून तिच्याकडे निघालं की ते त्याला अडवायचे आणि सुनेला खोकी उघडायला लावायचे. “पाय काय, पोटासारखा आजारी पडतो का? बूट बरोबर घाला, पाय आपोआप गप्प बसतो.”

त्यांचा स्वतःचा पाय खरोखर गप्प होता. आणि घोळ नेमका तिथेच होता.

एके दिवशी धुणं भिजवताना सुनेच्या हाताला त्यांचा मोजा लागला. तळाशी तो पापडासारखा कडक झाला होता. तिने उजेडात धरला. तपकिरी-लाल डाग, मध्ये ओलसर पिवळं, आणि वास. ती मोजा घेऊन तशीच त्यांच्या खोलीत गेली.

“बाबा, हे काय?”

मापकाकांनी चष्म्यावरून बघितलं. “रंग. चामड्याचा रंग लागला असेल.”

“तुमचे बूट काळे आहेत.”

“मग अस्तराचा.”

“पाय दाखवा.”

“सुनेने सासऱ्याचे पाय तपासायचे? एवढा काही मी अंथरुणाला खिळलेलो नाही.”

“बरं, मग तुम्ही बघा. मी इथे उभी राहते.”

मापकाकांनी पलंगावर बसून उजवा पाय डाव्या मांडीवर घ्यायचा प्रयत्न केला. गुडघा अर्ध्यावर थांबला, पोट मध्ये आलं, आणि त्यांना दिसला तो फक्त घोटा, जो ठणठणीत होता. “हे बघ,” ते धापा टाकत म्हणाले, “साधी गोष्ट आहे. लागलं की दुखतं. दुखत नाही, म्हणजे लागलेलं नाही. शाळेतलं पोरसुद्धा सांगेल.”

सुनेने फोन काढला, त्यांच्या पायाखाली धरला आणि त्यांना काय चाललंय ते कळायच्या आत फोटो काढून त्यांच्या नाकासमोर नेला. तळव्याच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या खाली, एक भोक होतं. भोवती कडक पांढुरकी कातडी, वाटीच्या काठासारखी, आणि आत लाल.

मापकाकांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “हा माझा पाय नाही.”

“मग कोणाचा, घड्याळवाल्याचा?”

“त्याचाच असणार. त्याचे पाय तसेच आहेत.”

सून हसली नाही. “उद्या सकाळी समोर जायचं.”

“समोर? त्या नखं कापणारीकडे? अख्खा बाजार बघेल!”

“बाजार उघडायच्या आत नेते. आणि बाबा, तुम्ही नाही आलात ना, तर हा फोटो मोठा करून दुकानात लावीन.”

या सुनेबद्दल मापकाकांचं मत असं होतं, की ती हिशेबाला बरी, बोलायला कडू आणि चामड्यातलं तिला ओ की ठो कळत नाही. पण ती म्हणाली ते करायची, हेही त्यांना ठाऊक होतं.

सकाळी दवाखान्यात आणखी दोघंच बसलेली. एक सुजलेल्या घोट्याची बाई आणि एक पळण्याच्या शर्यतीत भाग घेणारा तरुण, ज्याचं अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. मापकाकांनी दोघांकडे असं बघितलं, की बाईने पाय खुर्चीखाली ओढून घेतला. त्या तरुणाला तर त्यांनी सांगूनही टाकलं, “अर्धा नंबर लहान घालतोस. हौस एवढी आहे पळायची, तर मापाचे घाल.”

“डॉक्टरपण तेच म्हणाल्या,” तरुण म्हणाला.

हे ऐकून मापकाकांचा विरस झाला.

आतल्या खोलीत एक उंच, मागे कलणारी खुर्ची होती, भिंगाचा दिवा होता, आणि टेबलावर पायाच्या हाडांचा सांगाडा. खोली स्वच्छ होती. त्यांना ते आवडलं नाही. डॉक्टरीण चाकांच्या बैठ्या स्टुलावर, त्यांच्या पायांच्या उंचीला बसली. हातमोजे चढवत म्हणाली, “या काका. ओलांडलात शेवटी रस्ता.”

“सुनेचा हट्ट. मला काही झालेलं नाही. नखं कापणार असाल तर कापा आणि सोडा.”

तिने आधी बूट काढला. मग तो हातात उलटासुलटा करून बघितला आणि बाजूला ठेवला. मोजा पाण्याने भिजवून सोडवला. दिवा खाली ओढला. मग एका लहान पात्याने तिने जखमेच्या काठाची पांढरी, कडक कातडी तासायला सुरुवात केली. पापुद्रे बशीत पडू लागले. पातं जखमेच्या अगदी कडेने फिरलं, थोडं ताजं रक्त आलं. सुनेने तोंड दुसरीकडे केलं. मापकाका मात्र भिंतीवरचं चित्र बघत आरामात बसले होते.

“हात हलका आहे तुमचा,” ते म्हणाले. “एवढं मान्य करतो.”

“हात हलका नाहीये, काका. साखरेने पाय बहिरा झालाय.”

“पायाला कान असतात हे आजच कळलं.”

“मग तपासून बघू.” तिने एका छोट्या दांडीला लावलेला नायलॉनचा धागा काढला, मासे पकडायच्या गळाला असतो तसा. “हा मी तळव्याला टेकवते. वाकेपर्यंत दाबायचा, बस, टोचत नाही. डोळे मिटा. लागला की ‘हो’ म्हणा. न लागला तर गप्प.”

मापकाकांनी डोळे मिटले. पाय तपासायची ही कसली पोरकट रीत! पण जन्मात कुठल्या परीक्षेत ते नापास झाले नव्हते, आणि आता सुनेसमोर होणार नव्हते. त्यांनी कान टवकारले. स्टुलाचं चाक कुरकुरायचं, तिची बाही किंचित सळसळायची, मग जरा थांबायचं. यात एक ताल होता. टेकवलं, उचललं, थांबलं. टेकवलं, उचललं, थांबलं.

“हो,” मापकाका म्हणाले. जरा थांबून, “हो.” पुन्हा, “हो.” तिसऱ्या-चौथ्यानंतर त्यांना मजा यायला लागली. आता त्यांना ऐकायचीही गरज उरली नव्हती. ताल धरला होता. “हो. हो. हो. सांगतो काय मी, पाय अगदी तेज आहे. हो.”

“काका,” डॉक्टरीण म्हणाली, आणि तिचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून आला, “मी हात धुतेय.”

मापकाकांनी डोळे उघडले. ती बेसिनपाशी उभी होती, पाठमोरी. धागा टेबलावर बशीत होता. सून त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर त्यांना अपेक्षित असलेलं हसू नव्हतं. तिथे भीती होती. हसली असती तर बरं झालं असतं. हसण्याला उत्तर देता येतं.

तळपायाची आग मस्तकात गेली असं म्हणावं, तर तळपायाला आगीचा पत्ताच नव्हता. मस्तक मात्र पेटलं. “ही फसवणूक आहे! म्हाताऱ्या माणसाची परीक्षा घ्यायची आणि मध्येच पळून जायचं?”

“फसवणूक कोणी कोणाची केली ते राहू दे,” ती पुन्हा येऊन बसली आणि ताल मोडून धागा परत टेकवून बघितला. “टाचेला थोडं कळतंय तुम्हाला. पुढच्या भागात काहीच नाही. बूट किती नंबरचा घालता?”

“सात. आणि पायाच्या नंबराबद्दल मला शिकवू नका. तुमच्या जन्माआधीपासून पाय बघतोय.”

“मोजू?”

“मोजा. पट्ट्या घेऊन मोजा. ज्यांना नजर नसते त्यांनी मोजावं.”

तिने त्यांना उभं केलं आणि पट्टीवर डावा, चांगला पाय ठेवायला लावला. मापकाकांनी वरूनच बघितलं. आकडे त्यांना उलटे दिसत होते, पण उलटे आकडे वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. अंगठा आठच्या पुढे जाऊन नऊला टेकला होता. आणि रुंदी त्याहून जास्त.

“पट्टी खराब आहे,” ते म्हणाले.

“असेल. पट्टी सोडा. तुम्ही कसं बघता?” डॉक्टरिणीने त्यांचा डावा बूट त्यांच्यासमोर ठेवला. “चढवा, आणि बघा. समजा, मी हा पाय घेऊन तुमच्या दुकानात आले.”

यात काहीतरी डाव आहे हे त्यांना कळलं. पण डॉक्टरिणीने बूट पुढे केला होता तो चुकीच्या हाताने, जीभ दुमडून, टाच सरकवायच्या शिंगाशिवाय. बूट असा देतात? तिला एकदा नीट दाखवून द्यायलाच हवं होतं. त्यांनी खिशातलं बूट चढवायचं शिंग काढलं, झटक्यात पाय आत घातला, नाडी बांधली आणि उभे राहिले. “आता बघा, कसा बसतो. कुठे हलतोय? हातमोज्यासारखा बसलाय.”

“अंगठ्याने बघा ना.”

मापकाका खुर्चीच्या हाताला धरून वाकले. त्यांच्या अंगठ्याने हे काम इतक्या वेळा केलं होतं, की त्याला मालकाच्या परवानगीची गरज नव्हती. तो बुटाच्या टोकावर जाऊन दाबला. जागा नव्हती. चामड्याला थेट भिडून एक बोट होतं, तेही सरळ नाही, मध्येच दुमडून उभं राहिलेलं, नख चामड्याला रेटून. अंगठा कडेने सरकला. करंगळीपाशी चामडं फुगून ताणलेलं, आतून हाडाचा उंचवटा. आणि मापकाकांचं तोंडही सवयीने सुटलं.

“हे कोणत्या गाढवाने...”

ते तिथेच थांबले. सून खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

काही वेळाने ते खुर्चीत बसले. “पण बूट नीट बसल्यासारखा वाटतो,” ते म्हणाले, आणि या खेपेला त्यांचा आवाज भांडणाचा नव्हता. खरंच विचारल्यासारखा होता. “आठ घातले तर वाटतं, पायात काही नाहीच.”

“कमी ऐकू यायला लागलं की माणूस काय करतो?” डॉक्टरीण म्हणाली. “रेडिओचा आवाज वाढवतो. त्याला वाटतं, आत्ता कुठे नीट लागला. शेजारी कान झाकून बसतात. तुमच्या पायाला साधा बूट ऐकूच येत नाही, काका. आवळला तरच कळतं की काहीतरी घातलंय. म्हणून तुम्ही लहान लहान घेत गेलात. तुमचा पाय आटला नाही, उलट पसरलाय. सगळ्यांचाच पसरतो.”

तिने एक बोथट सळई जखमेत हलकेच घालून बघितली, आणि तिचा चेहरा जरा सैल झाला.

“आज हाडाला लागत नाही. पण हाड आणि जखम यांच्यामध्ये आता फारसं काही उरलेलं नाही. त्यावर भार देत राहिलात तर पोचेल. हाडापर्यंत गेली की माझ्या हातात काही राहत नाही. मग सर्जनकडे, आणि ते करंगळी काढतील. करंगळीवर थांबलं तर नशीब.”

“आणि नाही दिला भार तर?”

“तर बरी होईल. हळूहळू, पण होईल.” तिने कपाटातून एक बूट काढला. गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा, राखाडी, पाच पट्ट्यांचा, खाली होडीच्या तळासारखा वाकडा. “हा घालायचा. उठून पाणी प्यायला गेलात तरी हा. आणि तळवा रोज कोणीतरी बघायचा. तुमचा पाय तुम्हाला काही सांगणार नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघावं लागेल.”

“दुसऱ्याच्या म्हणजे कोणाच्या?”

“घरात डोळे असलेल्या कोणाच्याही.”

मापकाकांनी सुनेकडे बघितलं नाही. “ते मी बघीन माझं,” ते म्हणाले. “पण हा बूट! हा ज्याने बनवला त्याने बूट कधी पाहिला नसावा. त्याला कोणीतरी फोनवरून सांगितलेलं दिसतंय.”

पण त्यांनी पाय पुढे केला.

बाहेर पडेपर्यंत बाजार उघडला होता. रस्ता ओलांडताना राखाडी बूट दर पावलाला धपकन वाजत होता. घड्याळवाला दाराशीच उभा होता, जणू वर्षभर याच क्षणाची वाट बघत.

“काय मापकाका, चंद्रावरून आलात का?”

“तुझ्या घड्याळांपेक्षा बरा चालतोय,” मापकाका म्हणाले आणि न थांबता दुकानात शिरले. स्टुलावर मात्र त्या दिवशी ते दाराकडे पाठ करून बसले.

संध्याकाळी त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि दाढीचा आरसा जमिनीवर ठेवला. आरशात छत दिसलं, पंखा दिसला, स्वतःचं लालबुंद तोंड दिसलं. तळवा काही दिसेना. त्यांनी आरसा भिंतीला टेकवून बघितला, खुर्चीवर ठेवून बघितला. एकदा तळवा दिसला, पण चष्म्याशिवाय. चष्मा घेईपर्यंत पाय खाली आला. शेवटी त्यांनी दार उघडलं. सून स्वयंपाकघरात होती.

“कामात आहेस का?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी तिला पूर्वी कधी विचारला नव्हता. ती नेहमी कामातच असे.

“का?”

“काही नाही. तुझी कामं झाली असतील आणि तुला करमत नसेल, तर त्या डॉक्टरिणीचं ते तळव्याचं खूळ एकदा करून टाक.”

सुनेने हात पुसले, मोठी बॅटरी आणली, जमिनीवर बसली आणि त्यांची टाच हातात घेतली. मापकाकांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

“काय दिसतं?” पेपरामागून आवाज आला.

“पाय.”

“ते मलाही माहीत आहे. कसा दिसतो?”

“मापाचे बूट न घालणाऱ्या माणसाचा दिसतो.”

पेपर किंचित हलला.

मग ते रोजचंच झालं. ती बोटांच्या मधून, टाचेच्या भेगांतून, जखमेवरच्या पट्टीच्या कडेने उजेड फिरवायची. ते पेपरामागून तिच्या कामाची निंदा करायचे. बॅटरी तिरकी धरतेस. घाई करतेस. खोकी रचताना जसं सातचं खोकं आठावर ठेवतेस तसं करू नकोस. “हलू नका,” ती म्हणायची, आणि ते हलत नसत. दवाखान्यात पट्टी बदलायला गेले की डॉक्टरीण जखमेला मोजपट्टी लावायची आणि म्हणायची, “भरतेय.” मापकाका म्हणायचे, “पायाची कमाई आहे. तुम्ही फक्त मोजता.” जखम खरंच भरत होती, तळातून गुलाबी मांस वर येत होतं आणि काठ आत सरकत होते. दुकानात ते पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसू लागले, राखाडी पाय पुढे पसरून, आणि कोणी त्याकडे बघितलं तर असं बघत, की बघणारा स्वतःच्याच बुटांकडे बघू लागे.

आणि एका संध्याकाळी सुनेचा हात थांबला.

“काय झालं?” पेपरामागून.

तिने बॅटरी जवळ आणली, मग बोट दाबून बघितलं. “बाबा, इथे लागतं?”

“कुठे?”

“घोट्याच्या खाली. इथे. मी दाबतेय.”

मापकाकांनी पेपर खाली केला. ती दाबत होती. तिच्या नखाखालचा रंग गेला होता इतकी दाबत होती. त्यांना काहीही लागत नव्हतं. बोटाखाली लाल चट्टा होता, नाण्याएवढा, आणि बोट उचललं तरी लाली गेली नाही.

“हे काल नव्हतं,” ती म्हणाली.

मापकाका त्या चट्ट्याकडे बघत राहिले. चांगल्या जागी, जिथे काही नव्हतं, तिथे त्यांच्याच अंगावर, त्यांच्या नकळत, दुसरं भोक पडायला निघालं होतं. मग त्यांनी राखाडी बूट जवळ ओढला, उलटा केला, आतून बोटं फिरवली. खालून दुसऱ्या पट्ट्याची शिवण आतल्या अंगाला वर आली होती, दोरा गाठ होऊन बसला होता, बरोबर घोट्याच्या खाली.

“हं!” मापकाका म्हणाले, आणि त्यांच्या अंगात एकदम जीव आला. “हे बघ! मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. याला शिवण म्हणतात? पोत्याचं तोंडसुद्धा याहून नीट शिवतात. उद्या बघतोच त्या बाईकडे.”

“उद्या कशाला, आत्ता फोन करते.”

“कर. आणि सांग, मी येतोय.”

फोनवर डॉक्टरिणीने सकाळपर्यंत पाय खाली टेकवायचा नाही असं बजावलं. मापकाका पलंगावर पाय उशीवर ठेवून पडले आणि झोप येईपर्यंत मनातल्या मनात बोलायची वाक्यं घोटत राहिले. सकाळी मुलाचा पाय मोडला होता तेव्हाच्या कुबड्या काढून, सुनेच्या खांद्याला धरून ते रस्ता ओलांडून दवाखान्याच्या दारात उभे राहिले, तेव्हा डॉक्टरीण अजून किल्ल्या शोधत होती.

“हा पट्टा,” तिने कुलूप काढायच्या आतच ते सुरू झाले, “माणसासाठी शिवलाय की बैलासाठी? तुम्ही बूट देण्यापूर्वी आत हात घालून बघत नाही? माझ्या दुकानात असा बूट आला असता तर मी पाठवणाऱ्याच्या डोक्यात घातला असता!”

“आत या, काका. बसा आधी.”

ते खुर्चीत बसले, पण थांबले नाहीत. ती खाली बसली, चट्टा बघितला, बूट हातात घेऊन आत बोटं फिरवली. गाठ तिला सापडली. “तुम्ही म्हणता ते बरोबर आहे,” ती म्हणाली. “बूट देताना मी बघायला हवं होतं.” मग तिने पुन्हा चट्ट्यावर बोट ठेवलं. “कातडी फाटलेली नाही. आणखी एक दिवस गेला असता तर फाटली असती. हे बघितलं कोणी?”

“माझ्या सुनेने,” मापकाका म्हणाले. “तिची नजर वाईट नाही. माझ्याएवढी नाही, पण तुमच्याहून बरी.”

सून दाराशी उभी होती. तिने काही ऐकलं नाही असं दाखवलं.

डॉक्टरिणीने मऊ लोकरी नमद्याचा तुकडा कापला, गाठ काढली, तुकडा आतून चिकटवला. मापकाका तिच्या कात्रीला नावं ठेवत होते, कोपरे गोल कापा म्हणून सांगत होते, आणि तिने ते गोल कापले तर आता फार गोल झाले म्हणत होते. मग तिने त्यांचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि बूट घालण्याआधी तळव्यावरून एकदा सावकाश हात फिरवला. तिचा हात पायावर आहे हे त्यांना केवळ बघूनच कळत होतं. म्हणून या खेपेला त्यांनी भिंतीवरच्या चित्राकडे तोंड वळवलं नाही. ते पुढे वाकून, डोळे बारीक करून, तिचा हात कुठून कुठे जातो ते बघत राहिले.

“करंगळीखाली राहिलं,” ते म्हणाले. “तिथे बघा नीट.”